खांद्याच्या मापाची रायफल

"डुकराले थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह? अरे, डास मारायले कोणी मुसळ घेते का?" बाबा म्हणाले.

"मग तुमची फोर-ट्वेन्टी-थ्री रायफल काय होती, काकाजी?" धनराजनं विचारलं.

"ती गव्यासाठी घेतली होती."

"गवा मारला का कधी?"

बाबांनी पानाचा डबा उघडला आणि बराच वेळ सुपारी शोधत राहिले. ओसरीवर बसलेले गावातले चार-पाच जण हसू दाबत एकमेकांकडं बघू लागले. मी दाराशी गहू निवडत बसले होते, मला मात्र हसू दाबता आलं नाही.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. आमचं गाव पळसटोला, भंडारा जिल्ह्यात. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि मधे आमचा ऊस. त्या काळी शिकारीला परवाने मिळत, आणि पिकं राखायला बंदूक ठेवणं तर ठरलेलंच होतं. बाबांना, म्हणजे कृष्णाजी कापगत्यांना, शिकारीचा नाद भारी. पण त्या वर्षी ते बैलगाडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता या खांद्याला बंदुकीचा दस्ता लावायचा नाही.

हे उसातल्या डुकराला कसं कळलं, देव जाणे. जंगलातून एक एकटा नर यायला लागला. म्हातारा, काळा, सुळे बाहेर वळलेले. खायचा थोडं आणि तुडवायचा जास्त. दोघा गड्यांच्या मागं लागून त्यानं त्यांना झाडावर चढवलं होतं. बायका उसाच्या बाजूच्या वाटेनं पाण्याला जायच्या बंद झाल्या होत्या.

तेव्हा असं ठरलं, की बाबांची जड रायफल नागपूरला दुकानात द्यायची आणि बदल्यात दुसरी आणायची. परवाना बाबांचा राहील, पण पीक राखायला चालवणारा म्हणून धनराजचं नाव त्यावर चढवायचं. धनराज माझा चुलतभाऊ. त्याचे आईवडील लवकर गेले, तो आमच्याच घरात वाढला. सहा फूट उंच, उसाची मोळी एका हातानं गाडीवर फेकणारा. रायफल त्याच्याच खांद्याला शोभणार, याबद्दल ओसरीवरच्या कोणाच्याही मनात शंका नव्हती.

वाद होता तो फक्त कोणती घ्यायची याचा. बाबांनी पाटावर रिकामी काडतुसं उंचीप्रमाणं मांडली होती. सगळ्यात लहान टू-टूचं, चवळीच्या शेंगेच्या तुकड्याएवढं. सगळ्यात मोठं फोर-ट्वेन्टी-थ्रीचं, मधल्या बोटाएवढं लांब.

"हे ससा, रानकोंबडी," बाबा एकेकावर बोट ठेवत होते. "हे चितळ, भेकर. हे सांबर, रोही. आणि हे अस्वलापासून पुढं. आता सांगा, घरात एकच रायफल राहणार. कोणती घ्यायची?"

"मोठीच घ्या, काकाजी," कोणीतरी म्हणालं. "मोठीनं लहानही मरते, लहानीनं मोठं मरत नाही."

"सशाले मोठी लावली त सशाचे कान तेवढे हाती येतील."

"पण ससा मारायचा कोणाले आहे? डुक्कर मारायचं आहे!"

"आणि उद्या अस्वल आलं त?"

असं तीन दिवस चाललं होतं. माय या बोलण्यात कधीच नसायची. बंदुकीचा विषय निघाला की ती उठून आत जायची. तिला तो नादच आवडत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या दिवशीही ती चहाच्या कपबशा उचलायला बाहेर आली, वळताना फक्त एवढंच म्हणाली, "नागपूरले चाललेच आहात त रेवतालेही न्या. लुगडं घ्यायचं आहे तिले."

"लुगड्यापायी पोरीले कुठं हिंडवता आगगाडीत?" बाबा म्हणाले.

"न्या म्हणलं नं," माय म्हणाली आणि आत गेली.

रेवता म्हणजे मी. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नागपूर पाहायला मिळणार म्हणून मी गव्हातले खडे गव्हातच ठेवले आणि उठले.

नेम मला येत होता, हे इथं सांगितलं पाहिजे. बाबांना मुलगा नव्हता. मी लहान असताना त्यांनी करमणूक म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राची टू-टू आणून मला आमराईत डब्यावर नेम धरायला शिकवलं होतं. मला ते फार आवडे. पण मी परकर सोडून साडी नेसायला लागले तसं ते आपोआप बंद पडलं. कोणी नको म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही.

नागपूरचं ते दुकान एका पारशी बाईचं होतं. जरबाई तिचं नाव. नवरा वारल्यावर तिनं दुकान स्वतः चालवायला घेतलं होतं. पांढरे केस, गुडघ्यापर्यंतचा झगा, नाकावर चष्मा आणि काउंटरवर एक जाडजूड मांजर. बाबांना ती वीस वर्षांपासून ओळखत होती.

"कृष्णाजी! खांदा मोडला म्हणून ऐकला मी. बैलानं पाडला?"

"बैलानं नाही, गाडीनं."

"एकच गोष्ट. बसा. काय पायजे?"

बाबा सुरू झाले. डुक्कर केवढं, त्याची कातडी किती जाड, ऊस किती दाट, जंगलात आणखी काय काय आहे, सांबर केव्हा येतं, अस्वल मोहाच्या दिवसांत कुठं बसतं. जरबाई ऐकत होती आणि मांजराची मान खाजवत होती. बाबा दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "जंगलात जेवढे जनावर हाय तेवढ्यांचा माप सांगून झाला. आता खांद्याचा माप सांगा. खांदा कुणाचा?"

"याचा," बाबांनी धनराजच्या पाठीवर थाप मारली.

तिनं धनराजला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोठा हाय. पण मोठा खांदा आणि चांगला खांदा, दोन अलग गोष्ट हाय. गोळी मोठी तेवढा धक्का मोठा. जो माणूस धक्क्याला भितो तो बार निघायच्या आधीच डोळे मिटतो. डोळे मिटून मारलेली मोठी गोळी कुठं जाते?"

"कुठं?" धनराजनं विचारलं.

"मातीत. डोळे उघडे ठेवून मारलेली मधली गोळी जनावरात जाते. जनावर गोळीच्या आकारानं मरत नाय, बेटा. गोळी कुठं लागली त्यानं मरते."

मग तिनं दोन रायफली काढल्या. एक थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, काळीभोर, बघूनच दरारा वाटावा अशी. दुसरी टू-सेव्हन्टी-फाइव्ह, सडपातळ, अक्रोडाच्या लाकडाची, दस्त्यावर कोणाच्या तरी गालानं घासून घासून गुळगुळीत झालेली. बाबा थ्री-सेव्हन्टी-फाइव्हकडं असे बघत होते, जसं हलवायाच्या दुकानात लहान मूल बघतं.

"उद्या सकाळी या," जरबाई म्हणाली. "दोन्ही चालवून बघू. मी कोणाला रायफल अशी बघून देत नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही टांग्यानं शहराबाहेर गेलो. टेकडीच्या पोटाला मातीचा उंच बांध होता, तिथं ती गिऱ्हाइकांना बार काढू देत असे. बांधासमोर फळीवर कागद चिकटवला होता आणि त्यावर मधोमध काळा गोल.

धनराज थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह घेऊन पोत्यांच्या थप्पीमागं आडवा झाला. त्यानं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. कपाळावर घाम आला होता आणि सकाळ तर चांगली गार होती.

धाडकन बार झाला. धनराज एक वीतभर मागं सरकला, त्याची टोपी उडून मागं गवतात पडली, आणि बांधाच्या बरंच वर, टेकडीवरच्या एका बोरीच्या झुडपातून पक्ष्यांचा थवा उठला.

"लागली का?" धनराजनं विचारलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बोरीला लागली," जरबाई म्हणाली. "आता ही घे."

टू-सेव्हन्टी-फाइव्हनं त्यानं दोन बार काढले. धक्का बराच कमी होता, पण त्याच्या अंगात पहिला धक्का शिरून बसला होता. घोड्यावर बोट गेलं की पापण्या मिटायच्या. एक गोळी फळीच्या पायाशी मातीत घुसली, दुसरीचा पत्ता लागला नाही.

बाबांचा चेहरा उतरला. ते इकडं तिकडं बघायला लागले. मग म्हणाले, "सवयीनं होईल."

"होईल," जरबाई म्हणाली. "डुक्कर तोपर्यंत थांबेल का?" मग ती माझ्याकडं वळली. मी बाजूला पिशवीत नवं लुगडं घेऊन उभी होते. "डिकरी, तू ये."

मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी दुसरीकडं पाहिलं. मी पिशवी धनराजच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि टू-सेव्हन्टी-फाइव्ह घेऊन पोत्यांमागं आडवी झाले.

इतक्या वर्षांनी दस्ता गालाला लागला आणि काय वाटलं ते सांगता येणार नाही. लाकूड गार होतं. नळीच्या टोकावरचा माशीचा काटा मागच्या खाचेत आपोआप येऊन बसला, जसा काही माझीच वाट पाहत होता. जरबाई माझ्या कानाशी वाकली. "घाई नाय. बोटानं ओढायचं नाय, दाबायचं. बार कधी निघाला ते तुझं तुलाच कळू नये."

आणि खरंच, बार निघाला तेव्हा मी दचकले. खांद्याला कोणीतरी ओळखीच्या माणसानं हाक मारताना थाप द्यावी, तेवढाच धक्का लागला.

मी आणखी दोन बार काढले. जरबाई स्वतः फळीपर्यंत चालत गेली, चष्मा पुसला, कागद काढून आणला आणि बाबांच्या हातात ठेवला. तीनही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातील अशी होती, आणि एक तर काळ्या गोलाच्या ऐन पोटात.

बाबा त्या कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. पण धनराज आधी बोलला. त्यानं माझी लुगड्याची पिशवी छातीशी धरली होती आणि त्याचा चेहरा पार मोकळा झाला होता.

"काकाजी, एक सांगू? मले लहानपणापासून बाराच्या आवाजाची भीती वाटते. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजले की मी गोठ्यात जाऊन बसतो. तुमच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती. मले ऊस लावू द्या, तोडू द्या, डुकराच्या मागं हाकारा करत पळायले लावा. पण ही रायफल रेवतालेच द्या."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग हसायलाच लागले. इतके हसले की मोडका खांदा दुखायला लागला आणि तो दुसऱ्या हातानं धरून पुन्हा हसले. "अरे लेका! सुतळी बॉम्बला भितो आणि मी तुले थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह द्यायले निघालो!"

भंडाऱ्याच्या कचेरीत नाव चढवायला गेलो तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"ही चालवणार?"

"हो जी," बाबा म्हणाले.

"नेम धरता येतो का, बाई?"

"येतो," मी म्हणाले.

"मग करा सही," साहेब म्हणाले. मला वाटलं होतं त्याच्या निम्मीही अडचण आली नाही.

अडचण गावात आली. टू-सेव्हन्टी-फाइव्ह बघायला सगळं गाव ओसरीवर लोटलं आणि तोंड वाकडं करून परत गेलं. "एवढ्याशा गोळीनं तो डुक्कर पाठ खाजवून घेईल," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "कृष्णाजी गव्याची रायफल देऊन पोरीसाठी खेळणं घेऊन आला." बाबा ऐकत आणि जरबाईचं बोलणं स्वतःचं म्हणून सांगत, "जनावर गोळीच्या आकारानं मरत नाही, बाप्पा!"

मग प्रश्न आला मचाणाचा. उसाच्या टोकाला, जंगलाच्या बाजूला एक मोठं मोहाचं झाड होतं. त्यावर मचाण बांधायचं, पहाट फुटली की हाकारे करणाऱ्यांनी तलावाच्या बाजूनं उसात शिरायचं आणि डबे वाजवत डुकराला जंगलाकडं रेटायचं. मधे कापलेल्या धानाची मोकळी बांधी, म्हणजे भाताचं रिकामं खाचर. तिथं ते उघड्यावर आलं की बार काढायचा. सगळं बरोबर होतं. पण माझ्याबरोबर मचाणावर बसणार कोण? बाबांना झाडावर चढता येत नव्हतं. धनराज हाकाऱ्यात. परक्या माणसाबरोबर मला बसवणं कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं, आणि एकटीला सोडायला बाबा तयार नव्हते.

"मी बसते," माय म्हणाली.

आम्ही जेवत होतो. बाबांचा घास हातातच राहिला. "तू?"

"काऊन? मले झाडावर चढता येत नाही का?"

"तुले बाराचा आवाज सहन होईल का?"

"होईल," माय म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

त्या सकाळी थंडी अशी होती की तलावावर वाफ तरंगत होती. शिडीनं आधी माय चढली, मग मी रायफल तिच्या हाती दिली आणि मागून चढले. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला होता, अंगाभोवती बाबांची घोंगडी घेतली होती. मचाणावर बसल्यावर तिनं आधी समोरच्या दोन फांद्यांची पानं हळूच मोडून बाजूला केली, मग पदराच्या गाठीतून आणलेली एक चिमूट माती हवेत सोडून पाहिली.

"वारा आपल्याकडं येते," ती पुटपुटली. "बरं आहे."

मला जरा नवल वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता. तलावाच्या बाजूनं डब्यांचा आवाज सुरू झाला होता. धनराजचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता, "हो हो हो! हालऽ हालऽ!" बार ऐकायची वेळ त्याच्यावर नव्हती म्हणून त्याच्या गळ्याला जोर चढला होता.

उसातून आधी एक कोल्हा निघाला, आमच्या झाडाखालून शेपूट सांभाळत निघून गेला. मग एक मादी आणि तिच्यामागं पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, अशी लगबगीनं बांधी ओलांडून जंगलात गेली. मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणजे नको. मी मुळी रायफल उचललीच नव्हती.

मग बराच वेळ काही नाही. डबे जवळ आले. आणि उसाच्या कडेची पात्यांची जुडी हलली, आणि तो बाहेर आला.

मी रानडुकरं पाहिली होती, पण हा वेगळाच होता. मानेवरचे केस उभे, अंगावर वाळलेला चिखल, सुळे पिवळे. तो बांधीच्या कडेला उभा राहिला आणि तोंड थेट आमच्याकडं करून हवा हुंगायला लागला. मी रायफल खांद्याला लावली. छाती इतकी धडधडत होती की माशीचा काटा वरखाली होत होता.

"थांब," मायच्या ओठांतून फक्त हवा निघाली. "खांद्यावर जाड कातड्याची ढाल आहे त्याच्या. समोरून नको. वळू दे."

मी थांबले. मागं डबा वाजला, त्यानं मान फिरवली.

"अजून नाही. पुढचा पाय पुढं टाकू दे. त्याच्या मागं धर, तळहातभर वर."

त्यानं पाय पुढं टाकला. त्याची बाजू आमच्याकडं आली. जगात दुसरं काही उरलं नव्हतं, फक्त त्या पायामागची ती काळी जागा होती. आणि मी दचकले, म्हणजे बार निघाला.

तो पडला नाही. उभ्या उभ्या गर्रकन वळला आणि आला होता तसा परत उसात घुसला. तलावाकडं. हाकाऱ्याकडं.

मी मायकडं वळले. "माय! धनराज आहे तिकडं!"

"दुसरी भर," माय म्हणाली. मी बोल्ट ओढला, काडतूस उडालं, दुसरं चढलं. ती मचाणावर उभी राहिली आणि अशा आवाजात ओरडली की तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "धनराज! सगळे बांधावर चढा रे! जखमी आहे, वळला आहे! बांधावर चढा!"

डबे एकदम थांबले. उसाचे शेंडे हलत होते, एक सरळ रेघ तलावाकडं ओढल्यासारखे. मग ती रेघ वाकडी झाली. मग मधेच थांबली. नंतर काहीच नाही. मी रायफल धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"रडू नको," माय म्हणाली. "कान दे. लागलेलं जनावर वाकड्या रेघेत गेलं म्हणजे ताकद संपली. ऐक."

आम्ही ऐकत राहिलो. कुठंतरी एक पोपट ओरडला. आणि मग उसातून धनराजचा आवाज आला, घोगरा, थरथरता.

"काकीऽ! पडला आहेऽ! पाटात पडला आहेऽ! हलत नाहीऽ!"

पुढचं सगळं एकाच गोंधळात मला आठवतं. बाबा दूरच्या बांधावरून धावत येत होते, वाकडा खांदा हातानं धरून. हाकाऱ्याची माणसं डबे वाजवत नाचत होती. धनराजनं मला शिडीवरून उतरूच दिलं नाही, खांद्यावर उचलूनच घेतलं. गोळी ऐन पायामागं शिरली होती. ज्यानं पाठ खाजवून घेईल म्हटलं होतं, तो त्या भोकात अंगठा घालून बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "एवढीशी! एवढ्याशा भोकानं!" डुकराला वाशाला बांधून गावात नेलं तेव्हा पाण्याला जायची वाट बायकांनी भरून गेली होती, आणि कोणाच्या डोक्यावर घागर नव्हती. सगळ्या बघायलाच आल्या होत्या.

दुपारी ओसरीवर मंडळी जमली. बाबा मधोमध बसून सांगत होते, "बार काढणं सोपं आहे, बाप्पा. थांबणं कठीण. समोरून मारला असता त ढालीवर गोळी गेली असती. पोरगी थांबली! रेवता, कोणी शिकवलं तुले हे? मी त टू-टूनं डबेच मारायले शिकवले होते."

"मायनं सांगितलं," मी म्हणाले. "वळू दे म्हणाली. पायामागं धर म्हणाली."

बाबा हसले. "तुह्या मायनं?" त्यांना वाटलं मी मस्करी करते आहे.

मायनं आतून ऐकलं. हात पुसत ती बाहेर आली. रायफल भिंतीला टेकवून ठेवली होती. "अशी ठेवतात का? लहान लेकरं हिंडून रायली," असं म्हणत तिनं ती उचलली. नळीचं तोंड छपराकडं केलं, बोल्ट मागं ओढला आणि आत काडतूस नाही ना हे करंगळी घालून चाचपून पाहिलं. मग बोल्ट बंद केला आणि रायफल आतल्या खुंटीला लावायला वळली.

बाबा उठून उभे राहिले.

"हे तुले कोणी शिकवलं?"

"माह्या बाबानं," माय म्हणाली. "त्याइची दृष्टी गेली होती नं एका डोळ्याची. मग मचाणावर मले बसवत. आधी मी फक्त सांगायची, जनावर कुठं आहे, वळलं का. मग म्हणाले, तूच मार. लग्न होईपर्यंत मीच मारत होती."

"काय मारलं?"

"डुक्कर. चितळ. एकदा सांबर."

"सांबर!" बाबांचा आवाज फाटला. "बावीस वर्षं झाली लग्नाले. मले कधी सांगितलं नाही?"

"तुम्ही बोलायचे त मी आतून ऐकायची. विचारलं असतं त सांगितलं असतं."

"अन् मग रेवताले नागपूरले..."

"लुगडं त गोंदियातही मिळते," माय म्हणाली. "पोरीचा नेम आमराईत मी पाहिला होता. धनराजले सुतळी बॉम्बची भीती वाटते हे तुमच्याशिवाय साऱ्या घराले माहीत आहे. पण ओसरीवर मी सांगितलं असतं त तुम्ही अन् तुमच्या मंडळीनं ऐकलं असतं का? तुम्ही तिकडं जाऊन आपल्या डोळ्यानं पाहावं असं वाटलं. ती पारशीण बाई शहाणी आहे, असं तुम्हीच सांगत होते."

असं म्हणून ती आत गेली. चुलीवर रस्सा होता.

मंडळी बाबांकडं बघत होती. धनराजनं तोंडावर हात धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग बाबांनी पानाचा डबा उचलला, मंडळींना ओसरीवर तशीच सोडली आणि आत गेले. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुरुष माणूस बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तिथं बसले, पाय पसरून, वाकडा खांदा चौकटीला टेकवून.

"सांबर कोणत्या रायफलीनं मारलं?"

"नाव मले कुठं माहीत? एकनळी होती. फार जड. बार झाला की दोन दिवस हात उचलायचा नाही."

"किती अंतरावरून?"

"इथून गोठा आहे तेवढं."

"वारा कसा होता?"

"आधी सांगते ते ऐकून त घ्या," माय पळी ढवळत म्हणाली. "होळीच्या आधीचे दिवस. पळस फुलला होता. बाबा म्हणाले, पोरी, मले काही दिसत नाही, तू पाह्य. मी पाहिलं, त बांबूमागं शिंगं दिसली..."

"मग?" बाबा म्हणाले. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं होतं.